मंद उजेडातलं मरण

जुना बल्ब

नाटकाच्या शेवटी म्हातारा बाप खाटेवर मरतो. वर एकच बल्ब लोंबतो. नटाचा मेहुणा विंगेत बसून डिमर हळूहळू खाली घेतो; उजेड पिवळा होतो, मग तांबूस, आणि बापाचा जीव बल्बातल्या तारेबरोबर विझतो. लोक नाकं पुसतात. आधीच्या दोन अंकांत नट काय करतो ते कुणाला आठवत नाही. गडी या मरणावरच जगतो.

बातमी

"दाजी, बल्ब उडाला."

"दुसरा लाव."

"दुसरा कुठला? जुने बल्ब बंद केले. फार वीज खातात म्हणे."

"मी मरताना अशी कितीशी वीज लागते रे?"

"तुम्ही लवकर आटपत नाही ना, दाजी."

मेहुण्यानं एलईडी लावला.

तालीम

डिमर खाली. बल्ब ढिम्म. आणखी खाली. बल्ब डोळे मिचकावायला लागला आणि फट्‌दिशी गेला. बाप "माझ्यामागे..." वरच अडकला.

"असं कोण मरतं?" नट अंधारातून ओरडला.

"शॉक लागलेला माणूस," मेहुणा म्हणाला. "डिमरवर चालणारा मागवलाय. पण तो प्रयोगानंतर येईल."

नाटकातही बायको आणि घरातही बायको असलेली बाई उशाशी बसून खुदखुदत होती.

"तू हस. माझं मरण वाया चाललंय!"

"अहो, घरी रोज मरता की. कुणी बल्ब बघतं का?"

प्रयोग

मेहुण्यानं डिमरला हातच लावला नाही. नट लख्ख उजेडात मेला. त्याचं पोट वरखाली होताना शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं. पुढं कुणीतरी फिसकन हसलं.

बायको उठली. मयताच्या अंगावरची शाल ओढली, स्टुलावर चढली आणि बल्बाला एक वेढा दिला. जुन्या बल्बानं शाल जाळली असती, बोटं भाजली असती. हा नुसता कोमट. उजेड उतरला. दुसरा वेढा. आणखी उतरला.

इतका सुंदर अंधार पाहून मेलेल्याला राहवेना.

"माझ्यामागे..." तो पुन्हा सुरू झाला.

तिसरा वेढा. त्यानं मुलांना आशीर्वाद दिले. शेजाऱ्यांनाही दिले.

"आता मरा की," ती ओठ न हलवता म्हणाली. "हात भरून आले."

तो मेला. मग टाळ्यांचा कडकडाट. नटानं हळूच एक डोळा उघडला. सगळे वर, तिच्या हातांकडे बघत होते.

नवा बल्ब

दुसऱ्या दिवशी डिमरवाला बल्ब आला.

"लाव," नट म्हणाला.

"लावतो. पण दाजी, तिकीटखिडकीवर लोक विचारतायत, शालवाला शेवट आजही आहे ना?"

नटानं बायकोकडे पाहिलं. ती शालीची घडी घालत होती.

नवा बल्ब अजून खोक्यातच आहे. आणि बापानं किती वेळ मरायचं, ते आता बायको ठरवते.