तोआदेरनं भरलेली हवा

तोआदेर गेला तेव्हा त्याच्या नव्या घराला दारंखिडक्या बसल्या होत्या, जमीन मात्र उघडीच होती. आयुष्याची निम्मी वर्षं इटलीत दुसऱ्यांच्या घरी नळ जोडून त्यानं आमच्या गावाकडे, मारामुरेशमध्ये, हे घर बांधायला घेतलं होतं. खोलीखोलीतून त्यानं स्वतःच्या हातानं प्लास्टिकच्या नळ्या अंथरल्या, वेटोळ्यावर वेटोळं, जाळीला बांधून. वर काँक्रीट पडलं की त्यांतून गरम पाणी फिरणार आणि फरशी उबदार राहणार. काँक्रीट पडताना नळी फुटली तर लगेच कळावं म्हणून आधी त्यांत हवा भरून ठेवतात. घरात वीज आली नव्हती, म्हणून तोआदेरनं हातपंपानं भरली, तोंडात सिगारेट धरून. मी शेजारी, गाव्रिल. काँक्रीटची कामं करतो. त्याला म्हटलं, "अरे, यंत्र आणतो की माझं." तर म्हणाला, "तुझं यंत्र तुझ्यासारखंच, आवाज फार." आठवडा उलटायच्या आत अंगणातच छाती धरून बसला, तो उठलाच नाही.

त्यानंतर त्याची बायको वर्वारा रोज त्या रिकाम्या घरात जाऊन बसायची. भिंतीतल्या पेटीत सगळ्या नळ्या येऊन मिळत, तिथं दाब दाखवणारा काटा होता. एकदा मला हाताला धरून तिनं तो दाखवला. "सकाळी चढतो, संध्याकाळी उतरतो. श्वास घेतोय तो, गाव्रिल."

तोआदेरचा धाकटा भाऊ सिमिओन नळकामच करतो. तो म्हणाला, "वहिनी, उन्हानं हवा फुगते आणि थंडीनं आकसते. बस, एवढंच."

"असेल," ती म्हणाली आणि काट्याकडे बघत राहिली.

थंडी पडायच्या आधी काँक्रीट टाकायला हवं होतं. गाडी आली, पंपाचा जाड पाइप खिडकीतून आत घेतला, मी फावडं घेऊन उभा राहिलो. दोन खोल्या बघता बघता झाल्या. मग झोपायच्या खोलीत पाइपनं एकदम झटका दिला, त्याचं लोखंडी तोंड खाली आदळलं आणि ओल्या काँक्रीटमधून आवाज सुरू झाला. शीळ नव्हती ती. माणूस दात घट्ट धरून श्वास सोडतो तसा आवाज.

"थांबवा!" सिमिओन ओरडला आणि पेटीकडे धावला. त्या एका खोलीची नळी त्यानं बंद केली, म्हणजे बाकीच्या खोल्यांतली हवा तरी वाचली. मी फावड्यानं काँक्रीट बाजूला ओढलं. नळीला नखाएवढी चीर होती.

तेवढ्यात वर्वारा दारातून आली, चपलांसकट ओल्या काँक्रीटमध्ये गुडघ्यांवर बसली आणि तिनं चिरेवर अंगठा दाबला. आवाज थांबला.

"वहिनी, हात काढा," सिमिओन म्हणाला. "नळी कापून जोड घालावा लागेल."

"घाल की. पण हवा जाऊ द्यायची नाही."

"हवा सोडल्याशिवाय कापता येत नाही."

"मग कापू नकोस."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न मारला. "अरे, माल घट्ट व्हायला लागलाय! काय, मुहूर्त बघताय का?"

"गप बस रे!" मी खिडकीतून ओरडलो. पण त्याचं खरं होतं. आमच्या पायाखालचं काँक्रीट जड व्हायला लागलं होतं.

सिमिओननं वाद घातला नाही. तो तिच्या शेजारी आडवा झाला, गाल नळीपाशी नेला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, मी पोचलो तेव्हा त्याला शवपेटीत घातलं होतं. मला त्याचं काहीच मिळालं नाही. एवढं तरी घेऊ द्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं अंगठा उचलला.

हवा त्याच्या तोंडावर आली. डोळे मिटून तो तसाच पडून होता. आवाज बारीक होत गेला, अडखळला, आणि शेवटी खोकल्यासारखं काहीतरी होऊन थांबला. मी टोपी काढून छातीवर क्रुसाची खूण केली. सिमिओन उठला तेव्हा त्याचा चेहरा काँक्रीटसारखा राखाडी झाला होता.

"त्याची सिगारेट," एवढंच तो म्हणाला. मला कसलाच वास आला नव्हता.

पुढचं काम त्यानं भराभर केलं. नळी सरळ कापली, पितळी जोड दोन्ही टोकांत घालून पकडीनं आवळला, वर चिकटपट्टी गुंडाळली. त्या नळीत पुन्हा हवा भरली, या वेळी माझ्या यंत्रानं. साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा नाही. "टाक," तो म्हणाला आणि आम्ही ती खोली भरली. मी वरून सपाट करायला फळी फिरवत असताना त्या जोडावर काँक्रीट एकदा फुगलं आणि पुन्हा खाली बसलं.

"मालात हवा असतेच," सिमिओन म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

काँक्रीट सुकलं. आता हवा काढून पाणी भरायचं एवढंच राहिलं होतं. पण सिमिओन येईना. आज गाडी बिघडली, उद्या पाठ धरली. वर्वाराही त्याला बोलवेना. बर्फ पडलं तरी ती जुन्या घराच्या स्वयंपाकघरातच झोपायची आणि नवं घर गारठून उभं.

शेवटी नाताळच्या आधी तिची मुलगी इलिंका तान्ह्या बाळाला घेऊन इटलीहून आली. वर्वारानं बाळाचे पाय हातात घेतले, ते गार लागले. ती तडक माझ्याकडे आली. "सिमिओनला आण. ओढून आण."

आम्ही पोचलो तेव्हा तिनं घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या होत्या, माणूस गेल्यावर आत्मा बाहेर जावा म्हणून आमच्याकडे उघडतात तशा. सिमिओननं नळ्यांतली हवा सोडायची किल्ली पुढे केली. तिनंच ती पेटीत फिरवली, एकेका खोलीच्या नळीवर. सगळी हवा निघून गेली. मग तिनं एकेक खिडकी लावली आणि म्हणाली, "भर आता पाणी, भावजी."

घर आता उबदार आहे. बाळ फरशीवर लोळतं. झोपायच्या खोलीत मात्र संध्याकाळी खालून ठोका येतो, जोडाच्या जागी, सावकाश. सिमिओन त्या खोलीत पाऊल ठेवत नाही. मी त्याला म्हटलं, "नळी तापली की वाजते, तूच सांगतोस ना लोकांना?"

"तापल्यावर वाजते," तो म्हणाला. "हा ठोका पाणी चालू करायच्या आधीपासून वाजतोय."

वर्वाराला विचारलं, जोड उकरून बघू का. ती बाळाला निजवत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "वाजायचा थांबला तर मात्र सांगेन."