बोट काढून हाक मारा

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यापुढे रोज दुपारी रांग लागायची. प्रत्येकाच्या हातात आपल्या गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असे. डबा, पेटी, झाकण. रेघाबाबा पत्र्याचीच वस्तू घ्यायचे. आत्मा म्हणे पत्र्यात लवकर उतरतो.

वस्तू एक दिवस बाबांकडे ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती अंधाऱ्या खोलीत, टेबलावर, लाल उजेडात असायची आणि समोर हातभर रुंद काच. काचेतून बघत वस्तूवर बोट ठेवायचं आणि हाक मारायची. हाकेसरशी पत्र्यावर काळ्या रेघा उमटायच्या, पाण्यात खडा पडल्यासारख्या. बायका रडायच्या, पुरुष टेबलाला नमस्कार करायचे. मग बाबा रेघा वाचायचे. रुंद रेघा म्हणजे होकार, दाट रेघा म्हणजे नकार. टेबलाच्या पायांखाली मोटारीच्या ट्यूबा होत्या, त्या म्हणे आत्म्याला पृथ्वीचा मोह लागू नये म्हणून. पृथ्वीचा मोह नव्हे, रस्त्यावरच्या ट्रकचे हादरे लागू नयेत म्हणून, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

कारण असंच टेबल मी एकतीस वर्षं सांभाळलं. आमच्या कारखान्यात विमानाचे टायर तपासायचे. लेझरच्या तशाच लाल उजेडात आधी टायरची छबी काचेवर घ्यायची. मग टायरभोवतीची हवा काढायची आणि त्याच काचेतून पुन्हा बघायचं. रबराखाली कुठे पोकळी असेल तर तेवढी जागा केसाच्या शंभराव्या भागाइतकी फुगते. जुनी छबी आणि आताचा टायर जुळत नाहीत, आणि तिथे रेघांची वर्तुळं दिसतात. वरून गुळगुळीत टायर, पण आतलं दुखणं बाहेर येतं.

म्हणजे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मी तीनदा गेलो.

बायको जाऊन सात महिने झाले होते. मेहुणीने मला ओढतच तिथे नेलं. मी बायकोचा चहाचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी झाकणावर बोट ठेवून म्हणालो, "अगं." आम्ही एकमेकांना नावाने कधी हाक मारली नाही. मी 'अगं' म्हणायचो, ती 'काय हो' म्हणायची. रेघा उमटल्या. आदल्या दिवशी बाबांनी डब्याची छबी काचेवर घेतली होती आणि आता बोटाच्या दाबाने पत्रा वाकला, एवढाच त्याचा अर्थ. पण घरी सात महिने कुणी ओ दिली नव्हती. मी गप्प बसलो.

तिसऱ्या खेपेला मेहुणीने बाबांना विचारलं, ऑपरेशन करू का? तिच्या छातीत गाठ निघाली होती. तिच्या बहिणीला निघाली होती तशीच, फक्त वेळेवर कळलेली. तिने डब्यावर बोट ठेवलं. रेघा दाट आल्या.

"ताई नको म्हणतेय," बाबा म्हणाले.

घाबरलेला माणूस बोट जोरात दाबतो, आणि जोरात दाबलं की रेघा दाट होतात. तिला तिचीच भीती उत्तर देत होती. घरी आल्यावर तिने दवाखान्याला फोन करून तारीख रद्द केली. मी शेजारी उभा होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी बाजारातून नवा डबा आणला आणि बायकोचाच दुसरा डबा म्हणून बाबांकडे ठेवला.

दुसऱ्या दिवशी खोली गच्च भरली होती. बाबांनी डोळे मिटले. "या डब्याला ताईंच्या हाताची वीस वर्षांची ऊब आहे. काका, बोट ठेवा."

मी मेहुणीला पुढे केलं. "तू ठेव. पण हाक मारू नकोस. तोंडातून शब्द काढायचा नाही."

तिने बोट ठेवलं. रेघा आल्या.

"आता बोट काढ."

रेघा विरळ झाल्या, पण पुसल्या नाहीत. पत्र्यात तिच्या बोटाची ऊब होती. ती उतरायला मिनिटभर लागलं. मग पत्रा कोरा झाला.

"आता मार हाक."

"ताई," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "ताई." डबा नुसता लाल दिसत राहिला.

"भाऊजी, तुम्ही मारा. तुमचं ऐकेल ती."

हे मी धरून चाललो नव्हतो. मी हात पाठीमागे बांधले आणि म्हणालो, "अगं."

एकही रेघ आली नाही.

मग मी डबा उचलून उलटा केला. तळाला दुकानाची चिठ्ठी तशीच होती, कालच्या तारखेची. बाबा म्हणाले, श्रद्धेला तारीख नसते. मागून कुणीतरी म्हणालं, "चिठ्ठीला तर आहे." दोघं-चौघं हसले. बाकीचे आपापल्या वस्तू पोटाशी धरून उभे होते. त्यांच्याकडे मला बघवेना.

बाहेर आल्यावर मेहुणी भांडली. "तुम्हाला माहीत होतं, तर आधी का नाही सांगितलंत?"

"मलाही ती हवी होती," मी म्हणालो.

 तिने दवाखान्याचा नंबर मागितला.

ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. तिच्या औषधाच्या खोक्यावर एक रुपेरी, चमकणारा शिक्का असतो. तोही लेझरच्याच उजेडात घडवलेला, औषध नकली नाही हे ओळखण्यासाठी. नकली पकडणाऱ्या त्याच विद्येने एकाने नकली आत्मे विकले. दोष उजेडाचा नाही.

टायरवर रेघा दिसल्या की आम्ही तो बाजूला काढायचो. त्याला कौल लावत नव्हतो. डॉक्टरांनी गाठ दाखवली तर तेच करा. आणि कुणी तुमचं गेलेलं माणूस बोलवून दाखवलं, तर एकदा बोट काढून हाक मारा. काहीच येणार नाही. ते सोसायला जड आहे, मी सोसून सांगतोय.

चहाचा डबा परत ओट्यावर ठेवलाय. सकाळी झाकण उघडताना अजून तोंडातून 'अगं' निघतं. उत्तर येत नाही. चहा मी एक कपच टाकतो.