माझ्या वाट्या आणि चेन्साची चादर

मी एक जुना वायुवेगमापक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव चिडका आहे. आयुष्यभर वारा खाल्ला, त्याचं मला काही नाही. माणसांनी मात्र जीव नकोसा केला.

माझं रूप साधं. एका दांड्यावर तीन वाट्या. वारा आला की त्या गरगर फिरतात आणि खाली कचेरीतला काटा वाऱ्याचा वेग दाखवतो. कारखान्यात मला एका मोठ्या नळीत ठेवून, वारा सोडून, पुन्हा पुन्हा तपासलं होतं. शेवटी तिथला म्हातारा तपासनीस म्हणाला, "हा खोटं बोलायचा नाही." एवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला आलं. मग बोटीतून मी सिसिलीच्या दक्षिणेला असलेल्या गोझो बेटावर पोहोचलो आणि मार्सालफॉर्नच्या किनाऱ्यावर, हवामान खात्याच्या छोट्याशा कचेरीच्या गच्चीवर, खांबाच्या टोकाला चढून बसलो.

त्या कचेरीत सालवीना नावाची निरीक्षक होती. एका हातात टोमॅटो चोळलेला पाव, दुसऱ्या हातात फोन. पाव संपायचा, फोन काही संपायचे नाहीत. "बाई, शनिवारी मुलीचं लग्न आहे, पाऊस नाही असं सांगा बघू!" "बाई, संताच्या मिरवणुकीचे फटाके भिजले तर तुम्ही जबाबदार!" जणू सालवीना मागच्या खोलीत बसून ढग वळत होती! अंदाज बरोबर आला की एकाचाही फोन येत नसे. चुकला की पाववालासुद्धा टोमणा मारी, "आज ऊन म्हणालात ना बाई? मग छत्री घेऊनच जा."

एका सप्टेंबरात तिनं वादळाचा इशारा दिला. लाम्पूकी माशांचा ऐन हंगाम, तरी सगळ्या होड्या काठाला थांबल्या. आणि ते मेलं वादळ सिसिलीकडे निघून गेलं! आमच्याकडे साधी झुळूकही फिरकली नाही. विस्टिन नावाचा कोळी हे विसरायला तयारच होईना. भर चौकात ओरडला, "सालवीना, तुझ्या त्या वाट्या खाली काढ आणि त्यांत रस्सा वाढ. दुसऱ्या कशाच्या कामाच्या नाहीत त्या!" सगळे खो खो हसले. सालवीना मान खाली घालून निघून गेली. मी वर संतापानं फिरू म्हटलं, तर नेमका वारा पडलेला.

या विस्टिनची बायको चेन्सा आमची शेजारीण. गच्चीला गच्ची लागून. कपड्यांच्या दोरीचं दुसरं टोक बांधायला काही हवं म्हणून तिनं ती सरळ माझ्या खांबाला बांधली. सालवीनानं सोडली की ही पुन्हा बांधायची.

"अगं चेन्सा, हे सरकारी यंत्र आहे!"

"मग? सरकारला माझे कपडे वाळलेले बघवत नाहीत का?"

चादरी जमिनीला लागतात म्हणून दोरी हळूहळू वर सरकत गेली. शेवटी तर शिडी लावून तिनं ती माझ्या मानेखालीच आवळली. वारा मोजायचा की पायजमे सांभाळायचे, तुम्हीच सांगा!

मग नोव्हेंबरातली ती सकाळ आली. आभाळ स्वच्छ होतं, समुद्र शांत होता. ईशान्येचा दांडगा वारा, आमच्याकडे त्याला ग्रिगाल म्हणतात, रात्री उशिरा येईल असा मुख्य कचेरीचा अंदाज होता. त्यामुळे होड्या निर्धास्त बाहेर पडल्या. विस्टिन तर सगळ्यांत लांब गेला होता. खजुरीच्या झावळ्यांचे तराफे त्यानं भर समुद्रात सोडले होते. त्यांच्या सावलीला मासे जमतात. इकडे चेन्सानं गच्चीवर भलीमोठी पांढरी चादर वाळत घातली.

ग्रिगालनं मुख्य कचेरीला विचारलं नव्हतं. तो दुपारच्या आधीच आला. पहिला झोत मला लागला, मी उत्साहानं फिरायला लागलो, आणि दुसऱ्या झोताला ती ओली चादर उसळून माझ्या तिन्ही वाट्यांभोवती गच्च गुंडाळली गेली. आत अंधार, साबणाचा वास, आणि बाहेर वारा घोंघावतोय! ज्या एका कामासाठी जन्माला आलो ते दारात उभं, आणि मी गाठोड्यात.

खाली काटा शून्यावर आला. पण सालवीनाला खिडकीतून खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या लाटा फुटताना दिसत होत्या. तिनं मुख्य कचेरीत फोन लावला. होड्यांना परत बोलावण्याचा अधिकार तिथल्या रायमुंड साहेबांचा.

"साहेब, ग्रिगाल आला! होड्या परत बोलवा."

"कुठाय वारा? तुमच्या यंत्रावर तर शून्य दिसतंय."

"यंत्रावर नाही, खिडकीबाहेर आहे!"

"सप्टेंबरातही तुम्हाला असंच काहीतरी दिसलं होतं, बाई. आकडा द्या, लगेच बोलावतो."

सालवीनानं फोन आपटला, पावाची सुरी उचलली आणि धापा टाकत गच्चीवर आली. चादरीला हात घालते न घालते तोच पलीकडून चेन्सा किंचाळली, "खबरदार! माझ्या लग्नातली चादर आहे ती!"

"चेन्सा, विस्टिन कुठाय?"

"कुठाय म्हणजे? समुद्रात..."

बोलता बोलता तिचं लक्ष खाडीकडे गेलं. मग ती कठड्यावरून उडी टाकून आली, सालवीनाच्या हातातली सुरी हिसकावली आणि म्हणाली, "तू शिडी धर. मी फाडते."

तिनं सुरीनं फाडली, नखांनी फाडली, शेवटी दातांनी फाडली. चादरीच्या चिंध्या चर्चच्या घुमटावरून उडत गेल्या, आणि मी सुटलो! असा फिरलो की एक वाटी वाकली, तरी थांबलो नाही. सालवीना खाली धावली. काटा पार उजवीकडे टेकला होता. तिनं पुन्हा फोन लावून आकडा सांगितला. रायमुंड साहेब म्हणाले, "बोलावतो."

एकेक होडी परत आली. विस्टिनची शेवटची. लाटा तोवर रस्त्यावर चढल्या होत्या. चेन्सा गुडघाभर पाण्यात उभी होती.

विस्टिन निथळत कचेरीत आला तो भांडतच. "रात्री येणार म्हणालात, दुपारी आला! माझे सगळे तराफे गेले. याला अंदाज म्हणतात?"

त्याच्या मागोमाग आलेल्या चेन्सानं नवऱ्याचं तोंड स्वतःकडे वळवलं, त्याच्या ओल्या छातीवर दोन बुक्के मारले आणि तिथेच डोकं टेकून हमसून रडायला लागली. विस्टिननं तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "सालवीना, उद्या वारा कसा आहे गं?"

तो कधी आभार मानेल असं मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून तो विचारल्याशिवाय समुद्रावर गेला नाही.

वाकलेल्या वाटीमुळे पुढे मला उतरवलं. माझ्या जागी न फिरणारं, न कुरकुरणारं नवं यंत्र आलं. मी आता शाळेच्या कपाटात असतो. मुलं मला बोटानं फिरवतात आणि वाटीत च्युइंगगम चिकटवतात. मित्रांनो, एवढं तरी करू नका. आणि हवामान सांगणाऱ्यांचं ऐका. अंदाज चुकला तर खुशाल शिव्या द्या, त्याची आम्हाला सवय आहे. फक्त त्या द्यायला आधी किनाऱ्यावर परत या.