कपाळ कोरं ठेव

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले; पण भादव्यातल्या महालक्ष्म्यांचा कारभार घरोघरच्या बायकांच्या हाती होता, आणि त्यात लाटसाहेबाचंही काही चालत नसे. अमरावतीच्या वामनराव वकिलांच्या गोदावरीबाई आगगाडीने अकोल्याला आल्या, त्या जुने मुखवटे फडक्यात बांधून. जोडीतल्या धाकटीचं नाक उडालं होतं, म्हणून जोडीच नवी हवी होती.

मनकर्णा नवरा गेल्यापासून सात वर्षं एकटीच मातीचे मुखवटे घडवी आणि रंगवी. दारावरची पाटी मात्र अजून नवऱ्याच्याच नावाची होती.

"डोळे अस्सेच टपोरे हवेत. ओठ मिटलेले. हसरी नको, सासूबाईंना चालत नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. सासूबाईंना जाऊन दहा वर्षं झाली होती, पण त्यांचा धाक अजून घरातच होता. मनकर्णा सगळ्याला मान डोलावत गेली. मग बाईंचं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं.

"रंग कोण देतं गं?"

"मीच, बाई. दुसरं कोन हाये?"

बाई घुटमळल्या. "मग कपाळ कोरं ठेव. कुंकू आमच्याकडची सवाष्ण रेखील. राग मानू नकोस."

"राग कायचा, बाई? कोरं तं कोरं."

राग नव्हताच. डोळे, ओठ, नथीचं भोक, सगळं गिऱ्हाईक सांगेल तसं. कुंकवाबद्दल मात्र आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. तेवढं तिचं होतं. सगळं झालं की ती कुंचला ठेवून देई आणि लाल रंगात अनामिका बुडवून, श्वास रोखून ते रेखी. स्वतःच्या कपाळी ते बोट न्यायची सोय उरली नव्हती.

मुखवटे सांगितल्याबरहुकूम झाले. काम परत करावं, असं दोनदा मनात आलं. शेवटी तिने दार लोटलं आणि दोघींच्या कपाळी ठसठशीत कुंकू रेखलं. दुपारभर ती त्यांच्यासमोर बसून राहिली. इतकी एकटी ती नवरा गेला तेव्हाही नव्हती. ऊन उतरल्यावर तिने मुखवट्यांच्या अंगाचा पिवळा रंग कालवला आणि कुंकवावरून एक हात दिला. लाल वर आलं. दुसरा हात दिला, मग तिसरा.

गोदावरीबाईंनी येऊन कोऱ्या कपाळावरून अंगठा फिरवला. "अगदी सांगितल्यासारखं केलंस हो!" कापसात मुखवटे गुंडाळताना त्या भरात म्हणाल्या, "हळदीकुंकवाला—" आणि थबकल्या. "प्रसाद पाठवीन."

"पाठवा, बाई."

टांगा स्टेशनाकडे वळला. अमरावतीची सवाष्ण आता कुंकू रेखील, ते त्याच जागी. कपाळाला दुसरी जागा कुठे असते?

मनकर्णेने कुंचले धुतले. अनामिकेच्या नखाशी लाल राहिलं होतं. ते तेवढं तिने धुतलं नाही.