उधाणाच्या दिवशीची मोजणी

वहिनी घाबरट होती, आणि ही गोष्ट तिनं कधी कुणापासून लपवली नव्हती. घरातून निघताना ती गॅस तीनदा बघायची, कुलूप ओढून बघायची आणि अर्धा जिना उतरल्यावर परत वर जाऊन पुन्हा तेच. बंदराच्या फाटकाशी वजनकाट्यावर तिची नोकरी होती. भरलेला ट्रक काट्यावर चढला की तिच्या केबिनची काच थरथरायची, आणि अकरा वर्षं झाली तरी प्रत्येक ट्रकला ती टेबलाची कड घट्ट धरायची. घरचे थट्टा करत. तीही त्यांच्याबरोबर हसायची, पण गॅस बघायचं काही सोडायची नाही.

अशा बाईनं पक्ष्यांच्या नादी लागावं, तेही भर चिखलात जाऊन, याचं सगळ्यांना नवल वाटे. नाद लागला तो केबिनच्या खिडकीतूनच. पावसाळा सरला की थंडी पडायच्या आधीच्या सहा-सात आठवड्यांत उत्तरेकडून थवेच्या थवे येत आणि बंदराच्या बाहेर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर उतरत. बारके, करडे, सतत धावणारे. त्यांच्यात काही मोठे, ज्यांची चोच कोयत्यासारखी वाकडी असे. वहिनी त्यांना कोयतेच म्हणायची. हजारो मैल उडून आलेले ते जीव बघताना तिला स्वतःच्या भीतीचा थोडा वेळ विसर पडे. पुढे पक्षी मोजणाऱ्यांच्या कचेरीनं माणसं हवीत अशी पाटी लावली, तेव्हा तिनं नाव दिलं. गेली चार वर्षं दर पंधरवड्याला ती चिखलात जाऊन पक्षी मोजत होती.

कचेरीचे नियम दोनच होते. एकट्यानं जायचं नाही, आणि पाणी पूर्ण ओसरल्यापासून दोन तासांच्या आत चर ओलांडून परत यायचं. ही चर किनाऱ्यावरचा बंधारा आणि चिखल यांच्या मधोमध होती. ओहोटीला ती घोटाभर पाण्यात पार करता येई. पण भरती लागली की पाणी समोरून यायच्या आधी मागून, या चरीतून येई, आणि समोर कोरडं बघत उभा असलेला माणूस पाठीमागून कोंडला जाई. भरतीच्या वेळा वहिनीला तोंडपाठ असत. तरी ती त्या हातावर पेनानं लिहून घ्यायची.

त्या सकाळी तिच्या नेहमीच्या सोबतिणीला ताप भरला. मोजणी बुडणार म्हणून वहिनी चहा घेत बसली होती, तर धाकटी नणंद म्हणाली, मी येते. ती बंदरामागच्या गल्लीत ताडपत्र्या शिवायची. एका जागी दोन मिनिटं बसणं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून लहानपणापासून सगळे तिला भिंगरी म्हणत. वहिनीच्या मनातून तिला न्यायचं नव्हतं. हिचं तोंड सुरू झालं की पक्षी पुढच्या गावाला जाऊन बसतील, असं तिला वाटलं. पण नाही म्हणायचाही तिचा स्वभाव नव्हता. भिंगरीनं भावाचे गमबूट घातले, ते तिला दोन बोटं मोठे होते, आणि दोघी निघाल्या.

पाणी पूर्ण ओसरलं होतं सहा पन्नासला. उधाणाचा दिवस होता, म्हणजे पाणी जितकं लांब गेलं होतं तितकंच वर चढणार होतं. चर ओलांडून त्या वीस मिनिटं चालल्या, तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण लावली आणि वहिनीनं मोजायला सुरुवात केली. भिंगरी चक्क गप्प राहिली. आकडे ती पाटीवरच्या कागदावर लिहून घेत होती, आणि एकदा दुर्बिणीला डोळा लावल्यावर तिनं तो बराच वेळ काढलाच नाही. वहिनीला बरं वाटलं.

सव्वाआठला धुकं आलं. येताना दिसलंसुद्धा नाही. वहिनीनं दुर्बिणीतून मान वर केली तेव्हा बंदराच्या क्रेन जागेवर होत्या. पुढचे पन्नास कोयते मोजून वर बघितलं तर क्रेन नव्हत्या, बंधारा नव्हता, आणि भिंगरीच्या मागे दहा पावलांवर जग संपलं होतं. वहिनीनं तिकाटणं मिटलं आणि निघ म्हणाली. त्या आपल्याच पावलांचे ठसे बघत परत चालू लागल्या. ठशांत पाणी साचलं होतं, आणि चिखलाच्या चकाकीत ते दिसेनासे होत होते. थोड्या वेळानं ते सापडलेच नाहीत. भिंगरी म्हणाली, सरळ तर जायचंय. ती पुढे झाली, आणि तिसऱ्या की चौथ्या पावलाला तिचा उजवा पाय गुडघ्याच्या वर आत गेला.

ती तोल जाऊन पुढे पडली. मोबाईल हातात होता, तो चिखलात गेला तो गेलाच. आधी तिला हसू आलं. पाय ओढून काढायला तिनं दुसऱ्या पायावर जोर दिला आणि तोही नडगीपर्यंत रुतला. मग तिचं हसू थांबलं.

वहिनीला त्या क्षणी काय वाटलं ते तिनं पुढे कुणालाच नीट सांगितलं नाही. तिच्या कानात नुसता आवाज भरला. आपण पळून जावं, असंही तिच्या मनात आलं. नेमकं तेवढंच आलं, भिंगरीचा विचार त्यात कुठे नव्हता. ते किती वेळ टिकलं हे तिला कळलं नाही. मग तिनं हातावरची वेळ वाचली, जणू ती तिला पाठ नव्हतीच, आणि चिखलावर पालथी झाली.

उभ्या माणसाला चिखल गिळतो, आडव्याला सोडतो, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तिनं भिंगरीला मागे रेलायला लावलं, पाठीखाली तिकाटणं सरकवलं आणि स्वतः हातांनी तिच्या पायाभोवतीचा चिखल उपसू लागली. ओंजळभर काढावा तर तेवढाच परत आत सरकत होता. नखं उलटली. डावा पाय लवकर निघाला. उजवा बुटासकट जखडला होता, आणि वहिनीनं शेवटी कोपरापर्यंत हात घालून बुटाच्या आत बोटं घातली, हवा जाऊ दिली, आणि भिंगरीला पाय हळूहळू हलवत राहायला सांगितलं. घोटा मुरगळलेला होता. प्रत्येक हालचालीला भिंगरी ओठ चावत होती, पण थांबली नाही. पाय निघाला, बूट राहिला. तेवढ्यात वहिनीला जाणवलं की आपल्या कोपराखालचा चिखल आता नुसता ओला नाही, त्यावरून पाणी वाहतंय. आणि ते मागून येत होतं.

साडेनऊ होत आले होते. चर भरली असणार. वहिनीकडे जुना, बटणांचा फोन होता, तो तिनं छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता. तिनं जहाजांवर माणसं पोचवणाऱ्या होडीवाल्याला लावला. त्याची गाडी काट्यावर नेहमी यायची, एवढीच ओळख. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि खरं तेच सांगितलं.

"बाई, आत्ता तिथं होडी चालणार नाही. पाणी तुमच्या मांडीला लागलं की चालेल. आणि या धुक्यात मी तुम्हाला शोधू कुठं? शिंपल्यांचा उंचवटा आहे ना, तो मला डोळे मिटून सापडतो. तिथं जाऊन थांबा."

वहिनीनं हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला कळलं की उंचवटा कोणत्या दिशेला आहे याचा आपल्याला पत्ताच नाही. एखादं जहाज भोंगा देत होतं, पण धुक्यात तो चारी बाजूंनी येत होता. पाणी घोट्याला लागलं होतं. भिंगरीनं तिच्या खांद्यावर हात टाकला होता आणि ती पहिल्यांदाच काही विचारत नव्हती. त्या गप्पपणानं वहिनीला जास्त भीती वाटली.

तेव्हा डोक्यावरून पंखांचा आवाज गेला. दिसलं काहीच नाही. नुसता सळसळाट, कुणी ताडपत्री झटकावी तसा. त्यामागून दुसरा थवा, त्याच बाजूला. मग कोयत्यांची ती लांब, वर चढत जाणारी शीळ, तीही तिकडेच. भरती आली की चिखलावरचे सगळे पक्षी उंच जागा गाठतात, आणि या भागात तशी जागा एकच होती. वहिनी चार वर्षं हे बंधाऱ्यावरून बघत आली होती. ती भिंगरीला म्हणाली, "आवाज कुठं जातोय ते ऐक. बोलू नकोस, फक्त ऐक."

त्या तशा चालल्या. थवा गेला की त्या दिशेला वीस पावलं, मग थांबायचं, पुढच्या थव्याची वाट बघायची. कधी दोन-तीन मिनिटं काहीच ऐकू यायचं नाही, आणि त्या मिनिटांत वहिनीला वाटायचं की आपण समुद्राकडेच चाललोय. पाणी पोटरीला आलं. भिंगरीचा पाय टेकत नव्हता. तिचं अर्धं वजन वहिनीच्या मानेवर होतं. भिंगरीनं दोनदा म्हटलं की मी इथं थांबते, तू जाऊन बघून ये. वहिनीनं दोन्ही वेळा तिचा हात आणखी घट्ट धरला. खरं तर एकटीनं पुढे जायची तिची छातीच नव्हती.

मग पायाखाली कुरकुर वाजली. शिंपले. त्या चढून वर आल्या आणि एकदम पक्ष्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

हजारो असतील. धुक्यात एकाला एक लागून, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, कित्येक एका पायावर. एरवी शंभर पावलांवरून उडणारे पक्षी हातभर सरकले आणि तिथेच थांबले. त्यांनाही जायला दुसरी जागा नव्हती. भिंगरी खाली बसली, सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि थंडीनं कुडकुडू लागली. वहिनीनं आपलं जाकीट तिच्या अंगावर टाकलं. होडीवाल्याला फोन करून उंचवट्यावर आहोत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, निघतोय, पण सावकाश यावं लागेल. मग फोनही बंद पडला.

पाणी चढत राहिलं. उंचवटा आधी अंगणाएवढा होता, मग खोलीएवढा. कडेचे पक्षी मधे सरकत, मधले आणखी दाटीनं उभे राहत. एक बारका करडा पक्षी भिंगरीच्या उघड्या पावलाजवळ येऊन डोकं पंखात खुपसून झोपला. ती त्याच्याकडे बघत राहिली. वहिनी मात्र पाण्याच्या रेघेकडे बघत होती. तिनं एक शिंपला खुणेला धरला होता. तो बुडाला की पुढचा धरायची.

बाराच्या सुमाराला सगळे पक्षी एकदम उठले. जमीनच वर उचलली जातेय असं वाटलं. वारा तोंडावर आला, कान बधिर झाले, आणि मग एकही पक्षी उरला नाही. उंचवट्यावर दोघी आणि विष्ठेचा वास.

भिंगरीनं विचारलं, "का उडाले गं?"

वहिनीला कारण माहीत होतं. मोठ्या उधाणाला उंचवटाही बुडतो, आणि तो बुडायच्या आधी पक्षी जातात. ती म्हणाली, "होडी आली असेल जवळ. तिला बिचकले."

होडीचा आवाज येत नव्हता. पाणी शिंपल्यांवरून पसरलं, दोघींना उठून उभं राहावं लागलं, मग ते गुडघ्याला आलं. लाट लहानच होती, पण प्रत्येक लाटेला पायाखालचे शिंपले सरकत होते. वहिनीनं भिंगरीला कमरेला मिठी मारून धरलं होतं. तिचे दात वाजत होते, आणि ती मोठ्यानं आकडे मोजत होती, कशाचे ते तिलाच ठाऊक नव्हतं. भिंगरी तिच्या कानात बोलू लागली. दुकानात कालच एक गिऱ्हाईक होडीच्या मापाची ताडपत्री हवी म्हणून चादरीचं माप घेऊन आलं होतं, तिनं ते सगळं सांगितलं, अगदी त्याच्या मिशीसकट. वहिनी मोजायची थांबली नाही, पण ऐकत होती.

पाणी मांडीच्या वर गेलं तेव्हा वल्ह्याचा आवाज आला. इंजिन बंद करून होडीवाला मधूनमधून कान देत येत होता. दोघींनी पाटीवर दुर्बीण आपटली. आवाजाच्या रोखानं तो आला, आणि धुक्यातून होडीचं निळं नाक अगदी अंगावर येईपर्यंत दिसलं नाही. त्यानं भिंगरीला काखेत धरून वर घेतलं, मग वहिनीला. तो म्हणाला की एवढे पक्षी उठल्याचं ऐकलं तेव्हा मी भलत्याच बाजूला होतो. त्या आवाजावर वळलो.

होडीत भिंगरीनं तिला विचारलं, होडीला बिचकले नव्हते ना ते? वहिनीनं नाही म्हणून मान हलवली, आणि मग तिला रडू आलं ते धक्क्याला लागेपर्यंत थांबलं नाही.

भिंगरीच्या घोट्याला सहा आठवडे प्लास्टर होतं. दुकानात स्टुलावर पाय ठेवून ती येईल त्याला ही हकीकत सांगायची, आणि दर वेळी पाणी बोटभर वर चढायचं. वहिनीला लोक धीराची बाई म्हणू लागले. तिला त्यानं अवघडल्यासारखं व्हायचं. त्या मोसमात ती पुन्हा चिखलात गेली नाही. उरलेली मोजणी तिनं बंधाऱ्यावरून केली, आणि कागदावर तसं लिहिलंही. एकदा काट्यावर ट्रक उभा असताना वरून कोयते शीळ घालत गेले. तिनं पावतीवर एकच आकडा तीनदा खोडून लिहिला, तेव्हा चालकानं खाली उतरून विचारलं, बाई, बरं वाटत नाही का? तिनं त्याला थांब म्हणून खूण केली, खिडकीबाहेर मान काढली, आणि ते दिसेनासे होईपर्यंत मोजले. एकेचाळीस होते.