अर्ध्या बाह्या

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुरुस्तीला आलेल्या गाठोड्यातला सातवा सदरा उलटा केला आणि त्यांचा हात थांबला. याच्याही दोन्ही मनगटांपाशी कापड विरलेलं. धुण्यानं कॉलर आधी जाते, कामानं कोपर. दोन्ही मनगटांवर बांगडीसारखं गोल झिजायला काहीतरी आवळून बांधावं लागतं. अठ्ठावीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईंना हे कुणी सांगायची गरज नव्हती.

सदरे त्यांनीच शिवले होते, व्यसनमुक्ती केंद्रातल्या मुलींसाठी. बिनखिशाचे, खिशात गोळ्या लपवतात म्हणून. आत त्यांची एकोणीस वर्षांची लेकही होती. गोळ्यांपायी तिनं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा बाईंनीच संमतीच्या कागदावर डोळे झाकून सही केली होती. पोरीला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तीन महिने भेट नाही, हा तिथला नियम. त्यातले पाच आठवडे झाले होते.

गाठोडं उचलून त्या तडक केंद्रात गेल्या. व्यवस्थापक दारातच भेटले.

“झाले एवढ्यात?”

“बाह्या झिजल्यात साहेब. सगळ्याच.”

त्यांनी एक सदरा चिमटीत धरून पाहिला.

“धिंगाणा घालतात पोरी, आवरायला नको? असं करा, पुढचे अर्ध्या बाह्यांचे शिवा. कापडही वाचेल.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आत्ता तोंड उघडलं तर दार लागेल आणि लेक आतच राहील. त्यांनी पिशवीतून टेप काढली.

“मग मापं घ्यावी लागतील. एकेकीला पाठवा.”

“मागच्या वेळी तर अंदाजानंच शिवलेत.”

“पूर्ण बाहीत चूक झाकली जाते, साहेब. अर्ध्या बाहीत नाही.”

“बरं. पण लेकीशी बोलायचं नाही हं. नियम म्हणजे नियम.”

व्यवस्थापक दाराशी उभेच राहिले. तिसरी आली ती लेक. गालफडं बसलेली. तिनं आईकडे पाहिलंच नाही, तिची नजर टेपवर होती. बाईंनी टेप उलगडली, तशी तिनं कुणी न सांगता दोन्ही मनगटं जोडून पुढे केली.

टेप बाईंच्या हातून गळून पडली. त्या मनगटांना हात लावायचं त्यांना धाडस होईना.

“घरी येतेस का गं?” त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं.

लेकीनं मान वर केली आणि उत्तरासाठी व्यवस्थापकांकडे पाहिलं.