टेबल सोडताना

नोहेआ कामाकाला शनिवारपर्यंत नोकरी हवी होती आणि खोलीही शनिवारपर्यंतच.

लास व्हेगासला आल्यापासून सात आठवडे ती चुलतभावाच्या सोफ्यावर झोपत होती. भाऊ बिचारा एका शब्दाने बोलला नव्हता. पण शनिवारी त्याची लेक तान्ह्या बाळाला घेऊन माहेरपणाला यायची होती आणि घरात सोफा एकच. नोहेआने कोणाला न सांगता परतीचं तिकीट बघून ठेवलं होतं. परत म्हणजे हवाईला, वायानाएच्या किनाऱ्यावर. तिथलं घरभाडं झेपेना म्हणून शेवटचे दोन महिने ती तंबूत राहून शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जात होती. त्याच किनाऱ्याचे फोटो काढायला जगभरातून माणसं यायची आणि तंबू तेवढे फोटोतून वगळायची. सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा त्या तंबूत शिरणं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

तिची सगळी भिस्त विल्माआंटीवर होती. विल्मा काहुनू काही तिची सख्खी कोणी नव्हे, पण बेटावरून या वाळवंटात आलेल्या प्रत्येकाची ती आंटी. वय बहात्तर. त्यातली एकोणचाळीस वर्षं तिने कॅसिनोत पत्ते वाटण्यात काढलेली. आता संधिवाताने बोटं वाकडी झाली होती, पण गाडी ठेवायच्या जागेत तिने बंद पडलेल्या एका कॅसिनोचं हिरव्या कापडाचं टेबल आणून मांडलं होतं. गाडी बिचारी उन्हात उभी असायची. त्या टेबलावर आंटी बेटावरच्या माणसांना हे काम शिकवायची, तेही फुकट. घरामागे वेगळ्या दाराची एक खोली रिकामी होती, तिच्याबाबत मात्र बाई हट्टाला पेटलेली.

"आधी नोकरी, मग किल्ली," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"पण आंटी, राहायला जागा नाही म्हटल्यावर नोकरी कोण देणार मला?"

"अर्जावर घर माझं लिही. राहायला नोकरी लागल्यावर ये. आधी खोली दिली की माणसं पंखा लावून लोळतात. तीन जण लोळवून बघितलेत मी."

आंटी स्वतः पत्ते पिसू शकत नव्हती. ती खुर्चीत बसून तोंडाने शिकवायची, हातात माशा मारायची जाळी. "उडवू नकोस! कापडाला धरून जाऊ दे पत्ता. तुला काय कबुतरं सोडायचीत?" चूक झाली की जाळी टेबलावर फटकन आपटायची. चुकीबद्दल तर तिचा कायदाच होता: आपली चूक आपण गुपचूप निस्तरायची नाही. हात जिथे आहेत तिथे थांबवायचे आणि साहेबाला मोठ्याने हाक मारायची.

सगळ्यात कडक शिस्त होती ती टेबल सोडण्याची. पाठ फिरवायच्या आधी दोन्ही हातांची हलकी टाळी, मग तळवे वर, मग खाली. छतातल्या कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे, की ही बाई चोरून काही नेत नाही. पाणी प्यायला उठतानाही नोहेआ हे विसरली, की आंटी तिला परत जागेवर उभी करायची.

"इथे कुठाय कॅमेरा, आंटी?"

"मी आहे ना."

मग जरा वेळाने, जाळी मांडीवर ठेवून, ती म्हणाली, "एकोणचाळीस वर्षांत मी एकदाच चुकले. शेवटच्या दिवशी. बोटं आखडली, पत्ते सांडले, दोघांनी दंडाला धरून बाजूला नेलं मला. टाळी राहिली ती राहिलीच."

नोहेआने पत्ते उचलले आणि पुन्हा पिसायला घेतले. पण त्या दिवसापासून तिला या म्हातारीचा फार मोठा आदर वाटू लागला. लोक या शहरात घबाडाच्या मागे येतात, आणि इथे एक बाई राहिलेल्या टाळीसाठी झुरतेय.

हळूहळू ती सवय नोहेआच्या अंगात इतकी मुरली, की भावाकडे जेवण करून उठतानाही टाळी व्हायची आणि तळवे वळायचे.

"काय गं," भाऊ हसायचा, "चमचे माझे मोजून ठेवू का?"

गुरुवारी सकाळी दहाला सिल्व्हर मेस्किट कॅसिनोत तिची चाचणी ठरली. नोहेआ पहाटेच उठली आणि तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, लोणी घालून बटर मोची हा बेटावरचा गोड पदार्थ भाजायला ठेवला. बेटावरच्या माणसाला रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जाताच येत नाही. शेजारणीशी भांडायला निघाली तरी वाटेत तिच्यासाठी चार आंबे घेणारी ही जात! नोकरी मागायला जाताना काहीतरी न्यायचं हे नोहेआला इतकं उघड होतं, की आंटीला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. वड्या पाडून तिने डबा भरला आणि वरून फडक्याची गाठ मारली.

कॅसिनोच्या साहेबाचं नाव रेने ओर्तेगा. पन्नाशीचा, इस्त्रीच्या घडीसारखा सरळ माणूस. त्याने तिला एका टेबलामागे उभं राहायला सांगितलं. समोर टोपी घातलेला एक म्हातारा खेळाडू आधीच बसला होता. नोहेआ जागेवर गेली, हसली आणि डबा हिरव्या कापडावर ठेवला.

"तुमच्यासाठी, साहेब. सगळ्यांसाठीच. घरी केलंय."

"अरे वा," म्हातारा पुढे वाकला, "आता नाश्ताही टेबलावर?"

ओर्तेगा हसला नाही. "उचला तो डबा, बाई. वर बघा." तिने वर पाहिलं. छतात काळ्या काचेचे गोल डोळे होते. "नोकरी मागायला आलेल्या माणसाने डबा दिला, की वर बसलेल्यांना ती लाच दिसते. मला हे लिहावं लागणार. आज तुमची चाचणी होणार नाही. या तुम्ही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं नोहेआला झालं. शनिवार, सोफा, तंबू, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. हातापाया पडावं असं एक क्षण मनात आलंही. पण तिने डबा उचलून मागच्या स्टुलावर ठेवला. मग टेबलाकडे तोंड करून हलकी टाळी वाजवली, तळवे वर केले, खाली केले, आणि डबा घेऊन निघाली.

"थांबा," ओर्तेगा म्हणाला. "हे काय केलंत?"

"टेबल सोडलं, साहेब."

"एका पत्त्याला तरी हात लावलात का तुम्ही?"

"नाही. पण टेबलामागे उभी होते ना."

म्हाताऱ्याने टोपी मागे सरकवली. "रेने, तुझ्या पगारी पोरांना याची मी आठवण करून देतो रे."

"हाकलून दिल्यावर लोक शिव्या देतात, रडतात. टेबलाचा मान ठेवून जाणारं मी कोणी पाहिलं नाही," ओर्तेगा म्हणाला. "डब्याचं मी लिहिणारच. पण चाचणीही घेणार. डबा बाहेर ठेवून या."

बाहेर बसथांब्यावर रात्रपाळी संपवलेल्या दोन सफाईवाल्या बायका उन्हात बसल्या होत्या. नोहेआने फडक्यासकट डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि धावत परत आली.

वीस मिनिटं ती पत्ते वाटत होती. मधेच एका हरलेल्या डावावर तिने म्हाताऱ्यापुढे जिंकल्याच्या पैशांच्या चकत्या सरकवल्या. म्हातारा खुशीत गप्प बसला. नोहेआचे हात मात्र जागच्या जागी थांबले.

"साहेब, माझी चूक झाली इथे," ती मोठ्याने म्हणाली.

"कशाला शिकवून पाठवतात गं असं तुम्हाला!" म्हातारा पुटपुटला. ओर्तेगाने येऊन डाव नीट लावून दिला आणि पुढे चला अशी मान हलवली. शेवटी नोहेआने टाळी वाजवून तळवे दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "सोमवारी दहा वाजता. काळी पँट, पांढरा शर्ट. आणि डबा आणायचा नाही."

"कधीच नाही?"

"पहिले आठ दिवस तरी नाही. मग मागच्या खोलीत आणा, जिथे सगळे जेवतात. मीही तिथेच जेवतो."

दुपारी आंटीच्या दारात चपला काढताना नोहेआच्या लक्षात आलं, की आपल्या हातात काहीच नाही. डबा गेला, फडकंही गेलं. जन्मात पहिल्यांदा ती कोणाच्या उंबऱ्यावर अशी उभी होती आणि तीही आज, या बाईच्या. तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विल्माआंटी जाळी घेऊनच दारात आली. "बोल."

"मिळाली, आंटी. सोमवारपासून." ती म्हणाली. "पण तुमच्यासाठी मी काहीच आणलं नाही."

"काहीच नाही? दाखव."

नोहेआने टाळी वाजवली आणि तळवे वर केले. ते खाली वळायच्या आत आंटीने गळ्यातली दोरी काढली आणि दोरीतली किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली. सात आठवडे बाईने ती गळ्यातच बाळगली होती. वाकड्या बोटांनी तिने नोहेआची मूठ मिटवली. त्याला वेळ लागला, पण नोहेआने मदत केली नाही.

मग म्हातारी मागे वळली आणि त्या हिरव्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तिने जाळी खाली ठेवली. दोन्ही हात जवळ आणले, पण बोटं आडवी आल्याने टाळी नीट वाजली नाही. तळवे तिने वर केले, जमतील तेवढे, आणि मग खाली.

"बघितलंस ना?" तिने विचारलं.

"बघितलं, आंटी," नोहेआ म्हणाली.